जुनी पेट्रोल चेनसॉ: निगा कशी ठेवायची आणि पार्ट कसे शोधायचे

"मशीन जुनी झाली, आता हिचे पार्ट येत नाहीत" हे ऐकून आलेले ग्राहक आमच्या दुरुस्तीच्या दुकानात खूप असतात आणि त्यांची मशीन बघितली की वाईट वाटतं, कारण इंजिन एकदम ठणठणीत असतं, फक्त एक रबराची नळी किंवा एक पातळ पडदा गेलेला असतो. म्हणून हे पत्रक. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या, जुन्या चेनसॉमध्ये जे पार्ट परत परत खराब होतात त्यातले बरेचसे मशीनच्या कंपनीने बनवलेलेच नसतात. कार्बोरेटर वॉलब्रो, झामा नाहीतर टिलॉटसनचा, प्लग एनजीके, बॉश किंवा चॅम्पियनचा, चेन ठरलेल्या मापांची, क्रँकचं बेअरिंग तर बऱ्याच मशिनींत साधं नंबरवालं. मशीनचं नाव सांगून पार्ट मागितला तर "नाही" मिळतं, पार्टवरचा नंबर सांगितला तर बऱ्याचदा तोच पार्ट मिळतो.

पण पार्ट घ्यायच्या आधी बिघाड नक्की काय आहे ते शोधा. चालू होत नाही म्हणून लोक आधी कार्बोरेटरच नवीन आणतात, आणि मग कळतं की टाकीतला फिल्टर चोंदला होता किंवा सायलेन्सरच्या तोंडावरची बारीक जाळी कार्बनने बंद झाली होती. प्लग काढून बघा, कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाहीये, ओला असेल तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही किंवा नुसता ओव्हर झालाय, म्हणजे पेट्रोल जास्त गेलंय. प्लगचा गॅप बहुतेक मशिनींना ०.५ मिमी लागतो. कॉम्प्रेशन गेजवर १२० पीएसआयच्या वर असेल तर इंजिनची काळजी करू नका, ९० च्या खाली गेलं असेल तर मात्र बाकी काही विकत घ्यायच्या आधी सायलेन्सर काढून पिस्टनवर ओरखडे आहेत का ते बघा, दोन स्क्रूचं काम आहे आणि सगळं चित्र समोर येतं.

आता पेट्रोल, कारण आमच्या मते निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. आताचं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल ५०:१ ला चालतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली. जुन्या मशीनच्या पुस्तकात २५:१ किंवा १६:१ सुद्धा लिहिलेलं असतं, पण ते त्या काळच्या ऑइलसाठी होतं. जुन्या इंजिनला आम्ही ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली सुचवतो, थोडं जास्तच बरं. मात्र प्रमाण बदललं की कार्बोरेटर परत सेट करायचा, कारण ऑइल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी जातं आणि इंजिन लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. दुसरं म्हणजे इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि फिल्टर नेमका तिथेच लोळत असतो. जुन्या रबराला तर ते अजिबात मानवत नाही, नळ्या मऊ पडतात किंवा कडक होऊन चिरतात. म्हणून जुन्या मशीनची पेट्रोल लाइन एकदा तरी इथेनॉल चालणाऱ्या नळीने बदलून घ्या, मिश्रण महिन्याभरात संपवा आणि मशीन ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

कार्बोरेटरच्या आत एक पातळ डायफ्राम (पडदा) असतो, तो वर्षानुवर्षांत कडक होतो. चोकवर स्टार्ट होते, चोक काढला की मरते, किंवा रेस दिली की गुदमरते, ही त्याची लक्षणं. पूर्ण कार्बोरेटर बदलायची गरज नसते, रिपेअर किट मिळतं, त्यात डायफ्राम, गॅस्केट, नीडल आणि बारीक जाळी येते. किट मशीनच्या मॉडेलवरून मागू नका, कार्बोरेटरच्या अंगावर अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात ते वाचा, कारण एकाच मॉडेलच्या मशिनीत मधल्या काळात वेगवेगळे कार्बोरेटर बसवलेले असतात. एल (कमी रेसचा) आणि एच (फुल रेसचा) हे दोन स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, जोर लावला तर बसायची जागा खराब होते, मग दोन्ही एक-एक आटा बाहेर, ही सुरुवातीची जागा. बाकी सेटिंग इंजिन गरम झाल्यावर. एच सेट करताना फुल रेसला आवाज किंचित फाटका, अडखळता यायला हवा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. पुष्कळ जणांना रिकाम्या मशीनचा एकदम तासलेला, तीक्ष्ण आवाज आवडतो, पण तोच आवाज लीनचा असतो आणि तसंच चालवलं तर पिस्टन जाम होतो. हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला परत परत सांगतो.

सेटिंग केलं तरी टिकत नाही, रेस सोडली तरी आरपीएम खाली यायला वेळ लागतो, असं असेल तर स्क्रू फिरवणं थांबवा. कुठूनतरी हवा आत जातेय. बहुतेक वेळा क्रँकचं सील नाहीतर कार्बोरेटर आणि सिलेंडरच्या मधलं रबर चिरलेलं असतं. अशी मशीन चालवत राहणं म्हणजे चांगलं सिलेंडर घालवणं, तेव्हा आधी प्रेशर-व्हॅक्यूम टेस्ट (इंजिनात हवा भरून आणि ओढून गळती बघणं) करून घ्या. सीलचं मात्र तसं अवघड नाही, बऱ्याच सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिमीमध्ये छापलेली असते, ते तीन आकडे घेऊन सील-बेअरिंगवाल्याकडे जा. फक्त पेट्रोल आणि उष्णता सहन करणारं मटेरियल मागा. बेअरिंगचंही तसंच, ६२०२ म्हणजे १५ बाय ३५ बाय ११ मिमी, मग मशीन कुठलीही असो, पण चांगल्या कंपनीचं घ्या आणि इंजिनला चालेल असा पिंजरा आणि क्लिअरन्स बघून घ्या.

खूप जुन्या मशिनींना पॉइंटचं इग्निशन असतं, म्हणजे उघडझाप करणाऱ्या दोन संपर्कांवर ठिणगी पडते. पडून राहिली की पॉइंटवर थर चढतो आणि ठिणगी जाते, बऱ्याचदा स्वच्छ कागद मधून ओढला तरी परत येते. पॉइंट मिळतच नसतील तर त्यांच्या जागी लागणारं छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर साधारण ०.३ मिमी, व्हिजिटिंग कार्ड मधे घालून घट्ट केलं तरी काम होतं.

चेनच्या बाबतीत तीन गोष्टी लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंक किती ते. लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच. ०.३२५ इंच, ३/८ इंच, ३/८ लो प्रोफाइल आणि मोठ्या जुन्या मशिनींना ०.४०४ इंच, बहुतेक यातलंच काहीतरी असतं. गेज म्हणजे बारच्या (चेन ज्यावर फिरते त्या पट्टीच्या) खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी, १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी. हे बऱ्याचदा बारवरच छापलेलं असतं पण घासून गेलेलं असतं, मग मोजायचं. पिच बदलायचा असेल तर स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि बारचं टोकही बदलावं लागतं, नुसती चेन बदलून चालत नाही. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट बदला, नाहीतर ते नवीन चेनला लवकर खातं. भुकटी पडायला लागली की धार गेली, चिप्स पडायला हव्यात. ०.३२५ ला ४.८ मिमीची कानस, लो प्रोफाइलला ४ मिमीची. बार प्रत्येक वेळी उलटा करून बसवा, खाच आणि ऑइलचं भोक साफ ठेवा आणि वापरलेलं इंजिन ऑइल चेनला घालू नका, त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि बार दोन्ही जातात. एअर फिल्टर, सिलेंडरच्या पात्या, हे तर तुम्ही साफ करताच.

खास कंपनीचाच पार्ट हवा असेल तेव्हा नावं बदलल्याचं लक्षात ठेवा. स्टिलची ०२६ पुढे एमएस २६० झाली, ०४४ ची एमएस ४४०, त्यामुळे नवीन नावाने शोधलं की जुन्यालाही बसणारे खूप पार्ट सापडतात. स्टिलच्या पार्ट नंबरचे पहिले चार आकडे मशीनचं घराणं सांगतात, ११२८ म्हणजे ०४४ आणि ०४६ चं. हुस्क्वार्नाच्या ६१, २६८ आणि २७२ मध्ये पुष्कळ पार्ट एकमेकांचे चालतात, योन्सेरेड २१६५ आणि हुस्क्वार्ना ३६५ या तर जवळजवळ एकच मशीन. मॅककलॉक आणि होमलाइट ही नावं आजही दिसतात पण मालक बदललेत, नवीन मशीनचे पार्ट जुन्याला बसतील असं धरू नका. तिथे त्याच मॉडेलची एखादी बंद मशीन पार्टसाठी विकत घेणं सगळ्यात शहाणपणाचं. कॉपी पार्ट सगळेच वाईट नसतात, फिल्टर, दोरी, कव्हर खुशाल घ्या, पण पिस्टन घेताना इटलीच्या मेटिऑरसारखा नावाजलेला बघा आणि पिस्टनची पिन जागेवर धरणारे सर्कलिप चांगले वापरा, कारण हलका सर्कलिप सुटला की सिलेंडर कापतो.

क्लच स्वतः काढणार असाल तर बहुतेक मशिनींवर त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी घाला, स्क्रू ड्रायव्हर नको.

एका बाबतीत आम्ही ऐकत नाही. चेन ब्रेक, पुढचा हँडगार्ड किंवा तुटलेली चेन अडवणारा कॅचर तुटलेला असेल तर तो बसवल्याशिवाय आम्ही मशीन परत देत नाही. काही जुन्या मशिनींना ब्रेक मुळातच नसतो, त्यांची दुरुस्ती आम्ही करतो पण किकबॅक आला, म्हणजे बार झटक्याने तुमच्याकडे उसळला, तर अडवणारं काहीच नाही हे माहीत असू द्या, आणि रोजच्या कामाला ब्रेकवालीच मशीन वापरा.

पार्टची चौकशी करताना मॉडेल प्लेट आणि सिरियल नंबरचा, कार्बोरेटरवरच्या अक्षरांचा आणि जुन्या पार्टच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, पार्टशेजारी पट्टी ठेवून काढलात तर उत्तमच. आणि तुटलेला जुना पार्ट टाकून देऊ नका, माप घ्यायला तोच लागतो.