चिबड रान आणि पाणथळ: चिखल सारखा, दुखणं वेगळं

मोहोळ तालुक्यात मामांचं कालव्याखालचं रान आहे. खालच्या दीड एकराला वाफसाच (मशागतीजोगी बेताची ओल) येत नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, "उजनी धरणाच्या दलदलीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला लोक लांबून येतात, मग माझ्याच चिखलाला चिबड का म्हणायचं?"

प्रश्न रास्त आहे. चिबड रानात पाणी येतं, पण जात नाही. खोल काळी माती, उसाला सारखं पाटपाणी, निचऱ्याला वाट नाही. पाणी मुळापर्यंत चढतं आणि तिथंच राहतं. मुळांना हवा मिळत नाही, ऊस पिवळा पडतो. उन्हाळ्यात ओल वर येऊन उडून जाते, क्षार मागं राहतात, म्हणून जमिनीवर पांढरं फुटतं. (चोपण हे त्याच्या पुढचं दुखणं. तिथं सोडियम मातीला धरून बसतो, आणि जिप्सम घालावं लागतं.)

पाणथळीत पाणी चढतं आणि ओसरतं. उजनी माणसानं बांधलेली, तरी हा स्वभाव तिच्या काठावर दिसतो. पाणी उतरू लागलं की गाळ उघडा पडतो, शेतकरी गाळपेर करतात, उथळ पाण्यात रोहित चरतात. पाण्याची ही ये-जा थांबली, तर नुसत्या ओलीनं पाणथळ जगत नाही.

म्हणून उपाय उलटे. चिबडातून चर खणून किंवा जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकून पाणी काढायचं; वाळलेल्या पाणथळीला पाणी द्यायचं, तेही तिच्या हंगामाप्रमाणे.

मग एकाचं जादा पाणी दुसरीला द्यावं का? अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या अफाट पाणथळीपुढे हाच प्रश्न आला. ओकीचोबी तलावाचं पाणी पूर्वी गवताळ दलदलीतून पसरत, संथपणे दक्षिणेला जायचं. कालवे खणून वरचा भाग कोरडा केला, तिथं ऊस आला, जादा पाणी समुद्राकडे जाऊ लागलं आणि खालची दलदल तहानली. 2000 साली मंजूर झालेल्या आराखड्यात हे पाणी साठवून, वळवून पुन्हा दलदलीला द्यायचं ठरलं. पण उसाच्या रानातलं पाणी तिथं थेट सोडत नाहीत. त्यात खतांचा फॉस्फरस असतो. त्यानं पाणकणीस माजतं आणि मूळचं गवत हटतं. म्हणून ते आधी वनस्पतींनी भरलेल्या मोठ्या कृत्रिम पाणथळींतून फिरवतात. दलदलीसाठी फॉस्फरसची मर्यादा आहे अब्जात 10 भाग, इतकी कडक!

सोलापूरच्या संभाजी तलावातली जलपर्णी आपण पाहिलीच आहे. ती पाण्याच्या तुटवड्यानं नाही, सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांनी माजते.

त्यामुळे मामांनी चरीचं पाणी गावतळ्यात सोडायचं म्हटलं, तेव्हा मी त्यांना थांबवलं. चरीच्या तोंडाशी एक बाटली उन्हाळ्यात भरायची, एक पावसाळ्यात, आणि दोन्हींतले क्षार, नायट्रेट, फॉस्फेट तपासून घ्यायचे. उन्हाळ्यातली बाटली त्यांनी भरून ठेवली आहे.