दोन काळी अस्वलं: न्यू जर्सीतला सल्ला मेळघाटात का चालत नाही

अस्वल समोर आलं तर काय करायचं, असं इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात आधी जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेतलं असतं, आणि त्यातली एक यमकवाली ओळ तर सगळीकडे फिरते, की तपकिरी असेल तर आडवे पडा आणि काळं असेल तर भिडा. ही ओळ तिथल्या लोकांनी तिथल्याच दोन जातींसाठी बनवली आहे. पण आपल्याकडे मेळघाटात, ताडोबात, गडचिरोलीत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जे अस्वल आहे तेही काळंच आहे ना, मग वाचणारा सरळ हिशोब लावतो की काळं आहे म्हणजे ओरडायचं, दगड मारायचे, अंगावर जायचं. हा हिशोब जिवावर बेतू शकतो. आणि उलटंही तितकंच खरं, चंद्रपूरकडचा पोरगा, लहानपणापासून "पालथा पड आणि हलू नको" ऐकलेला, नोकरीला न्यू जर्सीत गेला आणि तिथल्या ट्रेलवर मागे लागलेल्या काळ्या अस्वलासमोर पालथा पडला तर तोही फसणार. आज आपली इतकी मंडळी तिकडे आहेत, सुट्टीत आईवडील जाऊन राहतात, म्हणून मला हे दोन्ही एकदा शेजारी ठेवून लिहावंसं वाटलं.

आधी दिसण्याचं पटकन सांगतो. आपलं अस्वल झिपरं, मानेवर खांद्यावर लांब केस, तोंड फिकट आणि पुढे आलेलं, छातीवर पांढरट इंग्रजी व्ही किंवा यू सारखी खूण, आणि नखं लांबच लांब, सात ते दहा सेंटीमीटरपर्यंत, कारण त्याचं अर्धं आयुष्य वारूळ फोडण्यात जातं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं आणि तो ओढण्याचा आवाज बऱ्याच लांबून ऐकू येतो. अमेरिकन काळं अस्वल गुळगुळीत केसांचं, नखं आखूड आणि वाकडी, झाडावर सरसर चढायला बनलेली. आणि हो, ते नेहमी काळंच असतं असंही नाही, तपकिरी, दालचिनीच्या रंगाची, अगदी सोनेरीसुद्धा काळी अस्वलं तिथे असतात, त्यामुळे नुसत्या रंगावर ठरवायचं हे तिथल्या तिथेसुद्धा धोक्याचंच आहे.

पण खरा फरक दिसण्यात नाही, संकट आलं की कुठे पळायचं यात आहे. अमेरिकन काळं अस्वल मूळचं दाट झाडीतलं, घाबरलं की ते झाडावर चढतं, मादी पिल्लांना आधी झाडावर पाठवते आणि स्वतः खाली उभी राहून फुत्कारते, दात वाजवते, जमिनीवर पंजे आपटते, दोन पावलं धावून येते आणि थांबते. हे सगळं "लांब हो" असं सांगणं आहे, आणि तुम्ही हळूहळू मागे झालात तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

आपल्या अस्वलाला हा मार्ग मिळालाच नाही. ते वाघाच्या जंगलात वाढलं, आणि झाडावर चढता येत असलं तरी तिथे बिबट्या येऊ शकतो, म्हणून त्याची पिल्लं झाडावर नाही तर आईच्या पाठीवर असतात, तिच्या त्या लांब केसांना धरून, कितीतरी महिने. पाठीवर पोर घेऊन पळणं कठीण, म्हणून ती पळत नाही, आधी तुटून पडते. 2018 मध्ये ताडोबातल्या मटकासुर नावाच्या वाघाचा आणि पिल्लू असलेल्या अस्वलीणीचा व्हिडिओ खूप फिरला होता, आठवत असेल, वाघाने तिला खाली दाबलं तरी ती हटेना, आणि शेवटी जिवंत सुटली. जो प्राणी वाघाशी असं वागतो तो पाच फुटांवर अचानक उगवलेल्या माणसाशी वेगळं काय वागणार? त्याच्या लेखी तुम्ही वाघच. त्याला तुम्हाला खायचं नाहीये, त्याला तुम्ही नाहीसे व्हायला हवे आहात.

आपल्याकडचे हल्ले कधी होतात ते बघितलं की हे लगेच पटतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, लोक पहाटे अंधारातच वेचायला निघतात कारण उशीर केला तर फुलं दुसरं कोणी वेचतं किंवा जनावरं खातात, आणि अस्वलालाही तीच फुलं हवी असतात, त्याच झाडाखाली, त्याच वेळी. वेचणारी बाई खाली वाकलेली, नजर जमिनीवर, अस्वलाचंही तोंड खाली, त्याला ऐकायला-दिसायला तसं बेताचंच, वास मात्र जबरदस्त पण वारा उलटा असेल तर तोही नाही, आणि दोघं एकदम समोरासमोर. नंतर तेंदूपत्ता, सरपण, गुरं, पहाटेचं शौचाला जाणं, कारणं वेगळी पण प्रसंग हाच. एकट्या जुन्या मध्य प्रदेशात (छत्तीसगड वेगळं होण्याआधीच्या) 1989 ते 1994 या पाच वर्षांत 735 लोकांवर अस्वलाचे हल्ले नोंदले गेले होते. यातली बहुतेक माणसं वाचतात, पण अस्वल डोकं आणि चेहरा धरतं, त्यामुळे डोळा जातो, जबडा तुटतो, आणि तो माणूस पुढे आयुष्यभर गावात तोंड झाकून फिरतो. या जखमांबद्दल आपण फार कमी बोलतो असं मला मनापासून वाटतं, वाघाने मारलं की पेपरात फोटो येतो, अस्वलाने चेहरा फाडला की आतल्या पानावर चार ओळी.

आता अमेरिका बघा. तिथे काळी अस्वलं लाखांच्या घरात आहेत आणि 1900 ते 2009 या काळात अख्ख्या अमेरिका आणि कॅनडात मिळून जंगलातल्या काळ्या अस्वलांनी मारलेली माणसं 63. म्हणजे तिथलं अस्वल आपल्या अस्वलापेक्षा कितीतरी शांत. पण या घटना अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा त्यातल्या 88 टक्के प्रसंगांत अस्वल माणसाला भक्ष्य समजून आलं होतं, आणि असं करणारी बहुतेक सगळी नर अस्वलं होती, पिल्लवाली आई नव्हे. इथेच सगळं उलटं होतं. असं अस्वल फुत्कारत नाही, दात वाजवत नाही. ते गप्प असतं, लक्ष तुमच्यावर, तुम्ही थांबलात की थांबतं, चाललात की मागून येतं, अंतर कमी करत राहतं. 2014 मध्ये न्यू जर्सीच्या ॲपशावा प्रिझर्व या राखीव रानात पाच मित्र फिरायला गेले होते, काळं अस्वल मागे आलं, ते पळाले, पळताना पांगले, आणि एक जण परत आला नाही. त्या राज्यातला अस्वलाने माणूस मारल्याचा तो पहिला नोंदलेला प्रसंग.

म्हणून तिथे पालथं पडायचं नाही. भुकेच्या अस्वलासमोर निपचित पडणं म्हणजे त्याचं काम सोपं करणं. तिथे सगळ्यांनी एकत्र यायचं, लहान मूल उचलून घ्यायचं, त्याच्याकडे तोंड करून हात वर, जॅकेट पसरून, मोठ्याने ओरडायचं, ते येतच राहिलं तर दगड, काठी, हातात येईल ते, आणि अंगावर आलंच तर नाकातोंडावर मारत राहायचं, थांबायचं नाही. बेअर स्प्रे असेल तर फार उत्तम, पण तो कमरेला किंवा छातीवर हवा, बॅगेच्या तळाशी असून उपयोग नाही, अस्वल साधारण दहा मीटरच्या आत आलं की थोडा खाली नेम धरून त्याच्या तोंडासमोर ढग उडवायचा असतो. तो मच्छरच्या स्प्रेसारखा स्वतःच्या अंगाला लावायचा नसतो, त्यात तिखटाचंच सत्त्व असतं, डोळ्यांत गेलं तर तुम्हीच आंधळे व्हाल. विमानात नेता येत नाही, तिकडेच विकत घ्यायचा, आणि योसेमिटीसारख्या काही पार्कांत त्याला परवानगीच नाही हे आधी बघून घ्यायचं.

विदर्भातल्या माणसाकडे स्प्रे नसतो, काठी असते, फार तर कुऱ्हाड. तिथली खरी सेफ्टी अस्वल दिसायच्या आधीची आहे. एकट्याने जायचं नाही, तीन-चार जणांनी मोठ्याने बोलत, काठी आपटत जायचं, पूर्ण उजाडू द्यायचं, झुडपी रान, घळी आणि दगडांच्या कपारी टाळायच्या कारण दुपारी ते तिथेच झोपलेलं असतं, आणि ताजं फोडलेलं वारूळ किंवा मोहाने भरलेली विष्ठा दिसली की मागे फिरायचं. लांबवर दिसलं आणि त्याने तुम्हाला पाहिलेलं नसेल तर ओरडायचंही नाही, गुपचूप मागे सरकायचं. ते धावून आलं तर पळू नका, दोन्हीकडची अस्वलं माणसापेक्षा जोरात पळतात, आणि झाडावर चढण्यातही अर्थ नाही कारण मधासाठी ती सहज चढतात. काठी आडवी धरून, एकमेकांना चिकटून उभं राहिलात तर काही वेळा ते परत वळतं. पण अंगावर आलंच तर पालथे व्हा, पोट जमिनीला, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरं चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट, पाठीवर बॅग असेल तर असू द्या. चेहरा जमिनीत जितका दाबता येईल तितका दाबा. तुम्ही हलेनासे झालात की त्याच्या दृष्टीने धोका संपला, आणि बहुतेक वेळा ते निघून जातं. लगेच उठायचं मात्र नाही, ते जवळच असू शकतं.

आता त्या ओळीतल्या तपकिरी अस्वलाचं, म्हणजे ग्रिझलीचं थोडक्यात, कारण यलोस्टोन, ग्लेशियर, अलास्का या बाजूला आपले लोक खूप जातात. खांद्यावर उंचवटा आणि आत दबलेला चेहरा ही तिची ओळख. वागायला ती आपल्या विदर्भातल्या अस्वलाच्या जवळची, दचकून किंवा पिल्लासाठी हल्ला करणारी, म्हणून तिथे पालथं पडण्याचा सल्ला बरोबर आहे. पण तीही रात्री तंबूत शिरली किंवा गपचूप मागे लागली तर लढायचंच. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून 91 मीटर लांब राहण्याचा नियम आहे, फोटोसाठी गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाने तो पाळावा. आणि खाण्याचा वास हा तिथला फार मोठा विषय आहे, चिवडा, लोणचं, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही, लोखंडी लॉकर किंवा बंद डबा दिलेला असतो त्यातच ठेवायचं, कारण माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुढे माणसांना त्रास देतं आणि शेवटी बहुधा त्यालाच मारावं लागतं.

कुत्र्याचं दोन्हीकडे सारखंच, मोकळा सोडू नका. तो अस्वलाला डिवचतो, मग घाबरून मालकाकडे पळत येतो आणि अस्वल त्याच्या मागे.

महाराष्ट्रात असा प्रसंग झाला तर जखम दाबून धरून सरळ जिल्हा रुग्णालय गाठा, टाके घालायच्या आधी जखम भरपूर पाण्याने धुतली गेली पाहिजे, धनुर्वात आणि रेबीजची इंजेक्शनं मागून घ्या. वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे, तिथे त्याच दिवशी कळवा आणि पंचनामा करून घ्या, अस्वलाच्या हल्ल्यालाही सरकारी नुकसानभरपाई आहे, आणि मोह वेचणाऱ्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं म्हणून तो अर्जच केला जात नाही.