हिगुची इचियो

हिगुची इचियो (२ मे १८७२ – २३ नोव्हेंबर १८९६) ही जपानच्या मेजी काळातली लेखिका. खरं नाव नात्सु, जन्म टोकियोचा. मुलींना एवढं शिकून काय करायचंय म्हणून आईने ११ व्या वर्षीच शाळा सोडायला लावली, पण वडिलांना पोरीची हुशारी दिसत होती, त्यांनी १८८६ मध्ये तिला नाकाजिमा उताको या कवयित्रीच्या क्लासला घातलं. पुढे १८८७ ला मोठा भाऊ गेला, १८८९ ला वडीलही गेले आणि आई, धाकटी बहीण अशा सगळ्यांचा भार हिच्यावर पडला. शिवणकाम, धुणी, उसनवारी असं करत घर चाललं. त्याच क्लासमधल्या एका मैत्रिणीला कादंबरीचे चांगले पैसे मिळाले होते, ते बघून हिनेही लिहायचं ठरवलं आणि पेपरात कादंबऱ्या लिहिणाऱ्या नाकाराई तोसुईकडे शिकायला लागली. पहिली कथा १८९२ ला छापून आली, पण त्यावर पोट भरेना.

म्हणून १८९३ मध्ये तिघी र्‍युसेनजी वस्तीत राहायला गेल्या आणि खाऊ, खेळणी, बारीकसारीक घरगुती सामान असं छोटं दुकान टाकलं. शेजारीच योशिवारा, म्हणजे टोकियोची सरकारमान्य वेश्यावस्ती. दुकान वर्षभरही टिकलं नाही, पण माझ्या मते इचियो लेखिका झाली ती इथेच, कारण त्या वस्तीतली पोरं रोज तिच्यासमोर खाऊ घ्यायला उभी असायची. तिच्या ‘ताकेकुराबे’ (१८९५–९६) या कथेत तीच पोरं आहेत. कथेची नायिका मिदोरी, तिची बहीण योशिवारात, आणि तिलाही पुढे तिथेच जायचंय हे सगळ्यांना माहीत. एका पावसात देवळातल्या पुजाऱ्याच्या मुलाच्या, नोबुच्या, लाकडी चपलेचा अंगठा तिच्या दारासमोरच तुटतो, ती जाळीतून लाल रेशमी कापडाची चिंधी बाहेर टाकते, तोंडातून शब्द नाही, आणि तो लाजून ती उचलतच नाही, चिंधी तशीच चिखलात भिजत पडते. प्रेमाबद्दल एक अक्षर न लिहिता सगळं सांगून टाकलंय, हे केवढं अवघड काम आहे!

डिसेंबर १८९४ पासून सव्वा वर्षात ‘ओत्सुगोमोरी’, ‘निगोरिए’, ‘जूसान्या’ अशा तिच्या सगळ्या गाजलेल्या कथा आल्या. मोरी ओगाईसारख्या दिग्गज लेखकाने १८९६ मध्ये जाहीर कौतुक केलं, त्याच वर्षी क्षयाने ती गेली. तिची डायरी बहीण कुनिकोने जपली, आज तीही साहित्य म्हणूनच वाचली जाते. र्‍युसेनजीत १९६१ पासून तिचं म्युझियम आहे आणि २००४ मध्ये आलेल्या ५००० येनच्या नोटेवर तिचा चेहरा होता, २०२४ च्या नव्या नोटेवर शिक्षणतज्ज्ञ त्सुदा उमेको आल्या.