स्थायी शांतिसेना

आंतरराष्ट्रीय संघटनेच्या थेट हुकमतीखाली, तिच्याच पगारावर बारमाही सज्ज असणारी, शांतता राखण्यासाठीची खडी फौज. अशी फौज संयुक्त राष्ट्रांकडे आजही नाही. निळ्या शिरस्त्राणांतले सैनिक सदस्य-राष्ट्रांनी मोहिमेपुरते दिलेले असतात. मोहिमेवर त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीचा हुकूम लागू होतो. पगार, बढती आणि शिक्षा मात्र मायदेशाच्याच हातात राहतात.

कल्पनेचा उगम कुठे धरावा याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो अठराव्या शतकातील युरोपीय शांतता-योजनांपर्यंत मागे नेतात; पण त्या योजनांत राजांची परस्परांविरुद्धची संयुक्त फौज अभिप्रेत होती, तटस्थ पहारा नव्हे. १९१९ च्या पॅरिस परिषदेत फ्रान्सतर्फे लेओं बूर्ज्वा यांनी राष्ट्रसंघाला (संयुक्त राष्ट्रांच्या पूर्वीची जागतिक संघटना) सैन्यबळ आणि कायमचे सेनाकार्यालय असावे असा आग्रह धरला, तो आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अमेरिका व ब्रिटन यांनी ही सूचना मान्य केली नाही. राष्ट्रसंघाच्या काळात प्रत्यक्ष फौज उतरली ती फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या, राष्ट्रसंघाच्या कारभाराखालील सार प्रदेशात. १३ जानेवारी १९३५ च्या सार्वमतासाठी ब्रिटन, इटली, स्वीडन व नेदर्लंड्स यांचे सुमारे ३,३०० सैनिक तिथे होते. सार्वमत पार पडल्यावर ते परतले. शांतिसेनेची पूर्वज म्हणून या तुकडीचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे, पण ती स्थायी नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत स्वतःच्या सैन्याचे वचन होते आणि शीतयुद्धाने ते मोडले, असे अनेकदा लिहिले जाते. हे अर्धेच खरे आहे. सनदेचे कलम ४३ सांगते की सदस्य-राष्ट्रांनी विशेष करार करून, सुरक्षा परिषदेने मागणी केल्यावर सैन्य उपलब्ध करून द्यावे. कलम ४५ नुसार विमानदलाच्या तुकड्या तातडीच्या कारवाईसाठी सज्ज ठेवायच्या होत्या. दोन्ही ठिकाणी सैन्य राष्ट्रांचेच राहते. म्हणजे सनदेला अभिप्रेत होती ती राखून ठेवलेली फौज, संघटनेची खासगी फौज नव्हे. शिवाय ती आक्रमकाला रोखण्यासाठी होती. ‘शांतिसेना’ हा शब्द सनदेत कुठेही येत नाही.

हे करारही झाले नाहीत. कलम ४७ खालील लष्करी कर्मचारी समितीने ३० एप्रिल १९४७ रोजी सादर केलेल्या अहवालात ४१ कलमे होती. त्यांपैकी २५ वर पाचही बड्या राष्ट्रांचे (सुरक्षा परिषदेच्या स्थायी सदस्यांचे) एकमत होते, १६ वर नव्हते. उरलेली १६ कलमेच निर्णायक होती. सोव्हिएट संघाचा आग्रह असा, की पाचांनी अगदी सारखेच सैन्य द्यावे. इतरांचे म्हणणे, एकूण वाटा तोलामोलाचा असला म्हणजे पुरे. कुणी जहाजे द्यावीत, कुणी पायदळ. सैन्य एरवी कुठे ठेवायचे आणि काम संपल्यावर किती दिवसांत परत न्यायचे, यावरही तेढ होती, कारण परक्या भूमीवरचे तळ हीच खरी भीती होती. एकूण आकाराबाबत अमेरिकेचा अंदाज २० डिव्हिजनांचा, तर सोव्हिएट संघाचा १२ डिव्हिजनांचा होता. ही समिती आजही दर पंधरवड्याला बैठक भरवते.

१९४८ मध्ये महासचिव ट्रिग्वे ली यांनी बेत लहान केला. पॅलेस्टाइनमधील संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची १७ सप्टेंबरला जेरुसलेममध्ये हत्या झाल्यावर ली यांच्या मागणीला धार आली, आणि ८०० जणांच्या रक्षकदलाचा प्रस्ताव पुढे आला. तोही न टिकता १९४९ मध्ये त्याजागी वाहतूक, संदेशवहन आणि पहारा सांभाळणारी क्षेत्रसेवा स्थापन झाली.

सुएझ प्रकरणात (१९५६), म्हणजे इस्राएल, ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला तेव्हा, आमसभेने ५ नोव्हेंबरला आपत्कालीन सेना मंजूर केली आणि पहिले सैनिक १५ नोव्हेंबरला इजिप्तमध्ये उतरले. घाई एवढी होती, की निळ्या टोप्या वेळेत शिवून मिळेनात. तेव्हा युरोपात साठा असलेली अमेरिकी शिरस्त्राणांची प्लास्टिकची अस्तरे निळ्या रंगाने फवारून वाटली गेली. खड्या सैन्याविना दहा दिवसांत काम होते, हा दाखला विरोधक तेव्हापासून देत आले. तेव्हाचे महासचिव डाग हामरशोल्ड यांनीही १९५८ च्या आपल्या आढाव्यात स्थायी सेना नाकारली. प्रत्येक वादात कोणत्या देशाचे सैनिक चालतील हे वेगळे असते, म्हणून सेनेची घडण आधी ठरवून ठेवता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा आक्षेप आजही सर्वांत भक्कम आहे. मात्र सुएझचा दाखला अपवादाचा आहे: तिथे युद्धविराम झाला होता आणि यजमान देशाची संमती होती.

रुआंडात यांपैकी काहीच नव्हते. ७ एप्रिल १९९४ ला तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने कॅनडाचे सेनाधिकारी रोमेओ दालेअर यांच्या हाताखालचे, तिथे आधीच असलेले संयुक्त राष्ट्रांचे दल सुमारे २७० वर आणण्याचा ठराव केला आणि १७ मे रोजी ५,५०० सैनिक मंजूर केले. मोहिमांसाठी तुकड्या आधीच कबूल करून ठेवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या सज्जता-व्यवस्थेत तेव्हा १९ सरकारांनी सैन्य राखून ठेवले होते. त्यांपैकी एकानेही ते दिले नाही. २५ जुलैला जागेवर साधारण ५५० सैनिक होते. तोवर सुमारे ८ लाख माणसे मारली गेली होती. वेळेवर उतरलेल्या पाच हजार सैनिकांनी यातील किती जीव वाचवले असते यावर वाद आहे, पण पुष्कळ वाचले असते हे दालेअर यांचे मत दुर्लक्षिण्याजोगे नाही. कागदावरची तयारी आणि हुकमाला बांधलेली तयारी यांतला फरक या एकोणीस नकारांइतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

संयुक्त राष्ट्रांचे माजी वरिष्ठ अधिकारी ब्रायन अर्कहार्ट यांनी १९९३ मध्येच स्वयंसेवकांच्या दलाची कल्पना मांडली होती, ज्यात सैनिक राष्ट्रांकडून न येता थेट भरती होतील. १९९५ मध्ये नेदर्लंड्सने त्वरित तैनातीच्या ब्रिगेडचा अभ्यास केला. डेन्मार्कच्या पुढाकाराने १९९६ मध्ये उभारलेली बहुराष्ट्रीय ब्रिगेड २००० मध्ये इथिओपिया-इरिट्रिया सीमेवर गेली. २००९ मध्ये ती विसर्जित झाली. आफ्रिकी संघाची सज्ज सेना आणि युरोपीय संघाचे प्रत्येकी सुमारे १,५०० जणांचे युद्धगट हे प्रादेशिक प्रयत्नही राष्ट्रीय तुकड्यांवरच उभे आहेत.

स्थायी सेना असती तरी तिला हुकूम सुरक्षा परिषदेनेच द्यायचा, म्हणजे नकाराधिकार कायम राहतो. समर्थकांचे यावरचे उत्तर मर्यादित पण प्रामाणिक आहे: अशा सेनेने निर्णय होईल असे नाही, झालेल्या निर्णयानंतरचा उशीर टळेल. खर्चाचा प्रश्न अधिक अवघड. जुलै २०१८ पासून सैनिकामागे महिन्याला १,४२८ डॉलर सैन्य देणाऱ्या सरकारला मिळू लागले; थेट भरती केलेल्या सैनिकाचा पगार, निवृत्तिवेतन आणि तळ यांचा भार याहून पुष्कळ जास्त, आणि मोहीम नसतानाही चालू राहणारा.

साध्य झाले ते पोलिसांपुरते. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेच्या पाठिंब्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे स्थायी पोलीस पथक आरंभी २५ जागांचे स्थापन झाले. त्याचा तळ इटलीतील ब्रिंडिसी येथे आहे. नवी मोहीम सुरू झाली की तिच्या पोलीस विभागाची घडी बसवायला यातले अधिकारी आधी जातात.