मांजर बाहेर सोडायचं की घरात ठेवायचं?

"पोटभर खायला घाला, मग कशाला जातंय ते शिकारीला!" मांजर पाळणाऱ्या घरांत हे हमखास ऐकू येतं. रॉबर्ट अ‍ॅडमेक या संशोधकाने १९७६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मात्र वेगळंच सांगतो. मांजरं आवडीचं खाणं खात असताना त्यांच्यासमोर उंदीर आणला. मांजरं खाणं अर्धवट टाकून उठली, उंदीर मारला, तो उचलून खाण्याजवळ आणला आणि पुन्हा आधीचंच खाणं खायला लागली.

यात क्रौर्य शोधण्यात अर्थ नाही. एका उंदराने मांजराचा दिवस निभत नाही, आणि दर झडप यशस्वी होते असंही नाही. भूक लागेपर्यंत हात बांधून बसणारं मांजर रानात टिकलंच नसतं. आफ्रिकी रानमांजर माणसाजवळ आलं त्याला सुमारे दहा हजार वर्षं झाली. एवढ्या काळात माणसानेही ही खोड घालवली नाही, कारण धान्याच्या कोठाराला उंदीर मारणारंच मांजर हवं होतं.

बाहेर गेल्यावर ते नेमकं करतं काय? अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे अडकवले. त्यांतल्या ४४ टक्के मांजरांनी शिकार केली, पण मारलेल्या जिवांपैकी घरी आणले जेमतेम २३ टक्के. बाकीचे खाल्ले किंवा तिथेच टाकून दिले. म्हणजे "आमची मनी काही मारत नाही हो" हे आपण पायपुसण्याकडे बघून म्हणत असतो. ४५ टक्के मांजरांनी रस्ते ओलांडले, काही पावसाळी गटारांत शिरली, आणि चौघांनी तर गुपचूप दुसरं घरही जोडलेलं निघालं!

मांजरं फार लांब जात नाहीत, हेही खरं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२५ मांजरांना जीपीएस पट्टे बांधले होते; बहुतेकांची भटकंती घराच्या १०० मीटरच्या आत होती. ऐकायला बरं वाटतं, पण सगळी शिकार त्याच टीचभर जागेत होते. त्यामुळे तेवढ्या जागेवर मांजरांचा भार त्याच आकाराच्या रानटी शिकारी प्राण्यांच्या कितीतरी पट पडतो. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा २०१३ मधला अंदाज आहे. त्यात मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे, आणि त्यांची संख्या वाढायला नसबंदी न करता सोडलेली पाळीव मांजरंही हातभार लावतात.

मांजराच्या जिवाला असलेले धोके सगळ्यांना ठाऊक आहेत: गाड्या, कुत्री, विषारी आमिष खाल्लेले उंदीर. मारामारीतल्या चाव्याकडे मात्र दुर्लक्ष होतं. वरून दिसते फक्त दाताची खूण, आत पू धरतो. मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एफआयव्ही विषाणूही मुख्यतः अशा चाव्यांतूनच पसरतो.

माझा कौल घरात ठेवण्याकडे आहे. पण नुसतं दार लावून भागत नाही. घरात कोंडलेली मांजरं कंटाळतात, लठ्ठ होतात, आणि काहींच्या मूत्राशयाला जंतूंशिवायच सूज येते. अशा मांजराने शी-शूचा ट्रे सोडून भलतीकडे शू केली की "सूड उगवते मेली" असं म्हणून आपण मोकळे होतो. ओहायोतले पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांच्या गटाने अशा मांजरांच्या घरांत बदल सुचवले: चढायला उंच जागा, लपायला कोपरा, खेळ, स्वच्छ ट्रे. त्यानंतर दुखणं बरंच कमी झालं. खिडक्यांना आणि बाल्कनीला पक्की जाळी मात्र आधी बसवा. मांजर चार पायांवर पडतं म्हणून हाडं मोडायची थांबत नाहीत.

तरीही सोडायचंच असेल, तर नसबंदी आणि लसीकरण आधी, आणि तिन्हीसांजेच्या आत घरात. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ मधल्या प्रयोगात धान्य नसलेलं, भरपूर मांसाचं खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यावर २५ टक्क्यांनी. भडक रंगाच्या कापडी पट्ट्याने पक्षी वाचले, उंदीर नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला एकदाचं कोणीतरी मिळालं, पण तिचा ठळक परिणाम काही दिसला नाही.

बाहेरची चटक लागलेलं मांजर आत ठेवायला घेतलं की सुरुवातीचे दिवस कठीण जातात. ते रात्रभर दाराशी ओरडतं. दहा वेळा कानाडोळा करून अकराव्यांदा दार उघडलं, तर ते अकरा वेळा ओरडायला शिकतं. त्यापेक्षा त्याची बाहेर जायची वेळ हेरून, त्याच्या थोडं आधी दोरीला बांधलेल्या पिसामागे त्याला दमेपर्यंत पळवावं आणि लगेच जेवण वाढावं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा ठरलेला क्रम आहे. पहिले दोन टप्पे झाले की पुढचे दोन बहुतेकदा आपोआप येतात.