पुण्यातील निर्वासित महिलांसाठी काम शिकण्याचा आणि कमावण्याचा मार्ग: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

सिंधमधून किंवा काबूलहून येऊन पुण्यात राहणाऱ्या बाईला काम शिकायचे असते, कमवायचे असते, आणि तिला मदत करू पाहणारी माणसेही या शहरात कमी नाहीत. तरी गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. ती भारतात नेमक्या कोणत्या कागदावर राहते आहे, हे कोणी आधी पाहिलेलेच नसते. मग शिवणाच्या वर्गाला नाव घातले जाते, महिनाभर ती मन लावून शिकते, आणि प्रमाणपत्राच्या वेळी कळते की ही योजना फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. म्हणून या माहितीत अभ्यासक्रमांच्या आधी कागद आले आहेत. तुम्ही स्वतः अर्जदार असाल किंवा शेजारच्या ताईंबरोबर कार्यालयात जाणार असाल, तरी सुरुवात इथूनच करा.

आधी ठरवा: आपण कोणत्या गटात?

भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे सगळ्यांना लागू होणारे एकच ‘निर्वासित प्रमाणपत्र’ मिळत नाही. कोण कुठून आले आणि कोणत्या कागदावर आले, त्यानुसार वाटा वेगळ्या होतात.

पुण्यात सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजेच एलटीव्ही. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन व्यक्ती त्यासाठी अर्ज करू शकतात. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी वसली, आणि आजही सिंधमधून येणारी कुटुंबे नात्यागोत्याच्या आधाराने त्याच भागात उतरतात.

एलटीव्हीच्या नियमांतल्या दोन तरतुदी खास बायकांसाठी आहेत आणि त्या फार कमी जणींना ठाऊक असतात. पाकिस्तानी किंवा बांगलादेशी नागरिक असलेली, पण भारतीय पुरुषाशी लग्न करून इथे राहणारी स्त्री एलटीव्हीसाठी अर्ज करू शकते. तसेच मूळची भारतीय असून लग्नानंतर तिकडची नागरिक झालेली स्त्री विधवा किंवा घटस्फोटित होऊन परतली असेल आणि तिकडे तिला आधार देणारा पुरुष कोणी उरला नसेल, तर तीही पात्र ठरते. माहेरी परत आलेल्या अशा बाईला ‘तुझे इथे काहीच होणार नाही’ असे सांगणारे नातेवाईक भेटतात. ते खरे नाही.

एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा पिंपरीत बरीच घबराट होती. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधीच मिळालेले एलटीव्ही मात्र त्या वेळी कायम ठेवले गेले.

तिबेटी महिलांकडे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी असते. केंद्र सरकारच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात रोजगार, व्यापार परवाने आणि योजनांच्या लाभांबद्दल राज्यांना स्पष्ट सूचना आहेत. ते धोरण छापून जवळ ठेवा.

अफगाण मुस्लिम, म्यानमार, सोमालिया, येमेन येथून आलेल्या महिलांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे, म्हणजे यूएनएचसीआरकडे होते. कार्यालय दिल्लीत आहे. नोंदणी, मुलाखत, कार्ड यांपैकी कशालाच एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारा माणूस फसवतो आहे, एवढे पक्के समजा. कुटुंबातल्या प्रत्येक व्यक्तीची नोंद होते आणि बाईला आपली मुलाखत नवऱ्यापासून वेगळी, स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषी यांच्यासमोर व्हावी अशी विनंती करता येते. ही विनंती जरूर करा. घरातल्या माणसांसमोर न सांगता येणाऱ्या गोष्टींवर कधीकधी सगळा अर्ज उभा असतो.

पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण मुलींपैकी काही अजून विद्यार्थी व्हिसावर आहेत. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ‘रोख पगार देतो, कोणाला कळणार नाही’ म्हणणाऱ्या मालकाकडे गेलात, तर उद्या मुदतवाढ अडेल ती तुमची.

एलटीव्हीचा अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. पुढची तपासणी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय करते आणि ते पोलिसांच्या अखत्यारीत असते. पुण्यात इथे एक घोळ नेहमी होतो. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगळी पोलीस क्षेत्रे आहेत. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय 2018 पासून आहे. पिंपरीत राहणाऱ्या बाईने साधू वासवानी चौकाजवळच्या पुणे आयुक्तालयात फेरी मारून उपयोग नाही. घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते ते आधी विचारा आणि अर्जात तेच कार्यालय निवडा.

सोबत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, फोटो, आधीची नोंदणी झाली असल्यास तिचा कागद, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि भारतीय जामीनदाराचे हमीपत्र लागते. लग्नाच्या आधारावर अर्ज असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि पतीच्या नागरिकत्वाचा पुरावा जोडा. विधवा असाल तर पतीचा मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर त्याचा आदेश. पासपोर्टची मुदत संपली असेल तर ते लपवू नका. अर्जात लिहा आणि कार्यालयात विचारा.

पत्त्याच्या पुराव्यावर जरा थांबते, कारण सर्वांत जास्त अर्ज इथे रखडतात. भाड्याच्या घरासाठी नोटरी केलेला करार अनेक जण पुढे करतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. शिवाय परदेशी व्यक्तीला घरात ठेवणाऱ्याने 24 तासांत ‘सी फॉर्म’, म्हणजे त्या व्यक्तीची माहिती देणारा अर्ज, ऑनलाइन भरायचा असतो. नोंदणीकृत करारात बाईचे नाव भाडेकरू म्हणून येईल असे पाहा. फक्त नवऱ्याचे किंवा दिराचे नाव असले की उद्या बँक, वर्ग, मुलांची शाळा, प्रत्येक ठिकाणी तिला त्यांच्या सहीची वाट पाहावी लागते. घर बदलले तर नवा पत्ता नोंदणी कार्यालयाला कळवा, आणि दुसऱ्या राज्यात कामासाठी जाण्याआधी तिथे विचारून घ्या.

एलटीव्ही मिळाला की खासगी क्षेत्रात नोकरी करता येते, शिक्षण घेता येते, स्वतःचा व्यवसायही करता येतो. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या वर सांगितलेल्या समुदायांतील एलटीव्हीधारकांना राहण्यासाठी एक घर आणि व्यवसायासाठी एक जागा विकत घेण्याचीही मुभा आहे. यूएनएचसीआरच्या कार्डामुळे मात्र कामाचा असा हक्क आपोआप मिळत नाही. गृह मंत्रालयाने डिसेंबर 2011 मध्ये ठरवलेल्या कार्यपद्धतीनुसार अशा व्यक्तीही एलटीव्हीसाठी अर्ज करू शकतात. निर्णय प्रकरण तपासून होतो. तो अर्ज टाळू नका.

आधार, पॅन आणि स्वतःच्या नावाचे खाते

मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेल्या परदेशी रहिवाशाला आधार काढता येते. फॉर्म वेगळा असतो, एलटीव्ही ओळखीचा पुरावा म्हणून चालतो आणि व्हिसाची मुदत संपते तेव्हा आधारचीही संपते. म्हणून व्हिसाचे नूतनीकरण झाले की आधार अद्ययावत करा. फक्त यूएनएचसीआर कार्डावर आधार मिळत नाही. पॅनसाठीही परदेशी नागरिकांचा वेगळा फॉर्म आहे. सायबर कॅफेवाला घाईत भारतीयांचाच फॉर्म भरतो, तेवढे बघा.

पाकिस्तान आणि बांगलादेशातील वरील समुदायांच्या एलटीव्हीधारकांना, आणि ज्यांचा अर्ज अजून विचाराधीन आहे त्यांनाही, एक एनआरओ खाते, म्हणजे अनिवासी व्यक्तींसाठीचे रुपयांतले खाते, उघडता येते. साध्या शाखेत हा नियम माहीत नसतो आणि खिडकीवर ‘होणार नाही’ असे उत्तर येते. परकीय चलनाचे व्यवहार होणाऱ्या शाखेत जा, शाखाधिकाऱ्याला भेटा, नकार दिला तर लेखी मागा. पगार नवऱ्याच्या खात्यात जमा होऊ देऊ नका, असे मी प्रत्येक बाईला सांगते.

प्रशिक्षण कुठे मिळेल?

प्रधानमंत्री कौशल विकास योजनेसारख्या केंद्राच्या योजनांत भारतीय नागरिकत्वाची अट आहे. आयटीआयच्या प्रवेशासाठीही माहितीपुस्तिकेतला नागरिकत्वाचा मुद्दा आधी वाचा, मगच शुल्क भरा. महापालिकेच्या समाज विकास विभागाचे महिलांसाठीचे वर्ग असतात. प्रत्येक वर्गाची अट जाहिरातीत दिलेली असते आणि रहिवासाचा पुरावा लागतोच.

उरतात त्या स्वयंसेवी संस्था आणि खासगी वर्ग, आणि या बाबतीत पुणे खरोखर श्रीमंत आहे. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये सुरू केलेली संस्था, रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये उभे केलेले सेवासदन, ही या शहराची परंपराच आहे: निराधार बाईला आधी छप्पर, मग अक्षर, मग हातात काम. आजही शिवण, फॉल-पिको, रुग्णसेवा, पार्लर, बेकरी, संगणक असे वर्ग गल्लोगल्ली आहेत. प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारा. एलटीव्ही किंवा आरसी ओळखपत्र म्हणून चालेल का? प्रमाणपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणेच येईल का? लहान मूल सोबत आणता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर कितीही चांगला वर्ग अर्ध्यात सुटतो.

सिंधमधून आलेल्या बायकांबाबत एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. त्या सिंधी वाचतात, पण अरबी वळणाच्या लिपीत. पीएमपी बसची पाटी, औषधाचे वेष्टन, बँकेची स्लिप इथे देवनागरीत किंवा इंग्रजीत. शिकलेल्या बाईला एकाएकी निरक्षर झाल्यासारखे वाटते. कोणत्याही कौशल्याच्या वर्गाआधी दोन-तीन महिने देवनागरी वाचनाला द्या. सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका हे काम आनंदाने करतात. दहावी राहिली असेल तर एनआयओएस या मुक्त विद्यालयाचे विभागीय केंद्र पुण्यातच आहे. परदेशातली पदवी असेल तर ती इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असे सांगणारे समकक्षता प्रमाणपत्र घ्या, नाहीतर काबूलची शिक्षिका इथे मदतनीस म्हणून राबत राहते.

घरून व्यवसाय करायचा असेल तर

डबे, पापड, मिठाई विकायची असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची छोट्या व्यावसायिकांची नोंदणी करा. तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम नोंदणीला शुल्कच नाही, आधार आणि पॅन लागते. थोडेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला महाराष्ट्रात 2017 च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

काम करताना

मूळ पासपोर्ट आणि व्हिसा मालकाकडे ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, तिच्यावर तारीख आणि ‘फक्त नोकरीसाठी’ असे लिहा. पगार बुडवला, अंगचटीला आले, घरात मारहाण झाली, तर ‘मी परदेशी आहे, माझी तक्रार कोण घेईल’ हा विचार मनातून काढा. घटनेच्या कलम 14 आणि 21 चे संरक्षण नागरिकांपुरते नाही, ते प्रत्येक व्यक्तीला आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला आणि तिथे तक्रार समिती नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. घरकाम करणाऱ्या बायकांनाही हे लागू आहे. महिला हेल्पलाइन 181. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि 1987 च्या कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फोन 15100.

नागरिकत्वाचा अर्ज

वर सांगितलेल्या सहा समुदायांतील ज्या व्यक्ती पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आल्या, त्यांना नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या मार्च 2024 च्या नियमांप्रमाणे नागरिकत्वासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. त्या देशाचे नागरिकत्व दाखवणारा एक कागद, भारतात प्रवेशाच्या तारखेचा एक पुरावा, प्रतिज्ञापत्र आणि समुदायाचा दाखला जोडायचा. जिल्हास्तरीय समिती कागद पाहते आणि शपथ देते. भाषेच्या अटीला बायका फार घाबरतात. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली, म्हणजे मान्य भाषांच्या यादीतली, कोणतीही एक भाषा पुरेशी यायला हवी आणि सिंधी 1967 पासून त्या यादीत आहे.

अर्ज पतीच्या अर्जात गुंडाळू नका, स्वतःचा वेगळा भरा. प्रमाणपत्र हाती आले की त्याची प्रत घेऊन बँकेत जा आणि एनआरओ खाते साध्या बचत खात्यात बदलून घ्या. आधी नागरिकत्वाच्या अटीमुळे बंद असलेल्या कौशल्य योजनांचा अर्ज त्यानंतर भरता येतो.