आटीव दुधाची मिठाई

दूध उघड्या कढईत आटवून केलेल्या गोड पदार्थांचा वर्ग. बासुंदी, रबडी, पेढा, बर्फी, कलाकंद, कुंदा हे सगळे यातलेच. दूध कुठवर आटवायचे, यावर त्यांचे नाव ठरते.

दूध साधारण निम्मे झाले, की साखर, वेलदोडा, जायफळ, चारोळी घालून बासुंदी होते. रबडीत वर धरलेली साय पुन्हापुन्हा कढईच्या कडेला लावत जातात आणि शेवटी ती आटलेल्या दुधात सोडतात. रबडीतले जाड पापुद्रे ते हेच. त्यापुढे खवा. इथे उलथने थांबवून चालत नाही. बुडबुडे जड होतात, रटरट आवाज येऊ लागतो, मग मिश्रण कडा सोडून गोळा होऊन जमते आणि बाजूला तूप चमकते. तेव्हा कढई उतरवायची. क्षणभर उशीर झाला तर बूड लागते आणि करपट वास कशानेही जात नाही.

म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधाचा किलोभर खवा पडतो. गाईचा त्याहून कमी, पिवळसर व जरा कोरडा. बाजारात पेढा-बर्फीसाठी घट्ट ‘पिंडी’, गुलाबजामासाठी ओलसर ‘धाप’ आणि कलाकंदासाठी ‘दाणेदार’ खवा मागतात. दाणा पाडायला उकळत्या दुधात किंचित आंबट घालतात. ताज्या खव्यात पाणी बरेच उरते, त्यामुळे तो लवकर बिघडतो. पिठाची भेसळ पाहायची तर थंड खव्यावर आयोडीनचा थेंब टाकावा: निळा रंग आला, की स्टार्च आहे.

साताऱ्याच्या कंदी पेढ्याची आणि धारवाडी पेढ्याची खरी गंमत भाजण्यात आहे. दुधातली साखर आणि प्रथिने तापून तपकिरी होतात. खमंगपणा तिथून येतो. धारवाडी पेढ्याला भौगोलिक मानांकन आहे. बेळगावचा कुंदाही याच तपकिरी घराण्यातला, फक्त मऊ, रवाळ.

डब्यातले ‘कंडेन्स्ड मिल्क’ हे वेगळेच प्रकरण. अमेरिकेत गेल बोर्डेन यांनी 1856 मध्ये त्याचे पेटंट घेतले. निर्वात भांड्यात कमी तापमानाला पाणी काढतात, म्हणून ते फिकट राहते; टिकते ते त्यातल्या 40 ते 45 टक्के साखरेमुळे. त्याची बर्फी झटपट जमते, पण साखर आधीच आत असल्याने गोडी आपल्या हातात राहत नाही आणि कढईतला भाजका वास तर त्यात नसतोच.